घरी नेटवर्क कॅमेरा लावताय? या चुका टाळा

नवा आयपी कॅमेरा आणला, भिंतीवर बसवला, वायर जोडली, दिवाही लागला आणि अ‍ॅपमध्ये मात्र ‘डिव्हाइस ऑफलाइन’. मग दुकानदाराशी हुज्जत घालून कॅमेरा बदलून आणायचा. बदललेलाही ऑफलाइनच. बडोद्यात ओळखीच्या घरी, दुकानांत कॅमेरे जोडून द्यायला मी बऱ्याचदा जातो आणि खात्रीने सांगतो, यातले बहुतेक कॅमेरे ठणठणीत असतात. घोळ आकड्यांचा असतो. आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, गेटवे, पोर्ट एवढे शब्द नीट कळले तर निम्म्या तक्रारी घरच्या घरी सुटतात. इन्स्टॉलर बोलवावा लागलाच, तर तो काय करतोय हे तरी समजतं.

कॅमेरा एका नेटवर्कवर, मोबाइल दुसऱ्यावर

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर लिहितो. फायबर कनेक्शनबरोबर कंपनी एक डबा देते. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून त्याचं वायफाय मागच्या खोलीपर्यंत पोचत नाही. मग लोक आणखी एक राउटर आणून पहिल्याला जोडतात. हा दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क तयार करतो, हे कोणी सांगत नाही.

अशाच एका वाड्यात मावशी वैतागून बसल्या होत्या. “अरे, कोड किती वेळा स्कॅन करू? कॅमेरा सापडतच नाही म्हणतोय.” मी म्हटलं, “मावशी, तुमचा मोबाइल द्या जरा.” वायफायच्या नावावर बोट दाबून तपशील उघडला. मोबाइलचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, होता १९२.१६८.०.१४. मग पहिल्या डब्याच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली. कॅमेरा तिथे होता, १९२.१६८.१.२३ वर. तिसरा आकडा वेगळा. “म्हणजे कॅमेरा बिघडलेला नाही ना?” “नाही हो, फक्त कॅमेऱ्याची वायर पहिल्या डब्यात आहे आणि तुमचा मोबाइल दुसऱ्या राउटरवर.”

घरगुती राउटरमध्ये सबनेट मास्क बहुधा २५५.२५५.२५५.० असतो. त्याचा अर्थ असा की आयपी अ‍ॅड्रेसचे पहिले तीन आकडे सारखे असतील तर ती उपकरणं एका नेटवर्कवर आहेत. फक्त शेवटचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. अ‍ॅप कॅमेऱ्याचा शोध घेतं ते आपल्या नेटवर्कापुरताच. उपाय सोपा आहे: दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’वर टाका. मग घरभर नेटवर्क एकच राहतं.

काही कॅमेरे कारखान्यातूनच ठरलेला पत्ता घेऊन येतात. हिकव्हिजनचा सहसा १९२.१६८.१.६४ असतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. आता घरात जिओफायबर असेल तर त्याचं नेटवर्क १९२.१६८.२९ ने सुरू होतं. तिथे असा कॅमेरा जोडला तर तो आहे त्या जागी मुकाट बसून राहतो. अशा वेळी कंपनीचं शोध-सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालवा. ते वेगळ्या नेटवर्कवरचा कॅमेराही दाखवतं. किंवा लॅपटॉपला तात्पुरता १९२.१६८.१.५० असा पत्ता द्या, कॅमेरा थेट वायरने जोडा, ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाइप करून आत शिरा आणि तिथे डीएचसीपी (राउटरकडून आपोआप पत्ता घेण्याची सोय) चालू करा. काम झालं की लॅपटॉप पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर त्याचं इंटरनेट बंद पडेल आणि भलत्याच गोष्टीचा शोध सुरू होईल.

लाइट गेली, आली, आणि रेकॉर्डिंग बंद

डीएचसीपी म्हणजे राउटरने प्रत्येक उपकरणाला आपण होऊन पत्ता वाटणं. मोबाइलसाठी हे उत्तम. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र लाइट जाऊन आली की पत्ता बदलू शकतो. एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो आणि पडदा काळा. मग लोक कॅमेऱ्याला मनाने कुठलाही पक्का आकडा देतात. तोच आकडा राउटर उद्या पाहुण्यांच्या मोबाइलला देऊन बसतो, आणि दोघं एकाच पत्त्यावर आले की कॅमेरा मध्येच दिसतो, मध्येच जातो. अशी रडतखडत चालणारी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच तपासतो.

योग्य रीत म्हणजे राउटरमधलं ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’. प्रत्येक कॅमेऱ्याच्या स्टिकरवर बारा अक्षर-आकड्यांचा मॅक अ‍ॅड्रेस छापलेला असतो. तो राउटरमध्ये नोंदवला की त्या कॅमेऱ्याला कायम तोच पत्ता मिळतो. कॅमेरा उंचावर लावायच्या आधीच त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. शिडीवर चढून एवढी बारीक अक्षरं वाचणं फार त्रासाचं आहे.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर समजा, उपकरणाने पत्ता मागितला पण राउटरने दिलाच नाही. वायर, कनेक्टर, स्विच तपासा.

वायफाय आणि वायर

वायफाय कॅमेऱ्यांपैकी पुष्कळ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. जोडणीच्या वेळी मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असेल तर जोडणी अडकू शकते. शिवाय कॅमेरा ‘गेस्ट’ वायफायवर टाकला तर राउटर त्याला घरातल्या बाकी उपकरणांशी बोलू देत नाही. गेस्ट नेटवर्क त्यासाठीच असतं.

जमत असेल तिथे वायरच टाका. पीओई स्विच घेतला तर एकाच केबलमधून वीज आणि डेटा दोन्ही जातात. मर्यादा १०० मीटरची. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत अ‍ॅल्युमिनियम. लांब अंतरावर तिच्यातून वीज कमी पडते आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा रीस्टार्ट होतो. दिवसा नीट आणि रात्री बंद, अशी तक्रार असली की संशय केबलवर घ्या. पीओई स्विच घेताना त्यावर ८०२.३एएफ (हे पीओईचं ठरलेलं मानक) लिहिलेलं आहे का ते बघा. ‘पॅसिव्ह’, म्हणजे न तपासता ठरावीक वीज सोडणाऱ्या, पीओईचा व्होल्टेज कॅमेऱ्याशी जुळला नाही तर कॅमेरा चालणार नाही, कदाचित जळेलसुद्धा.

आपल्या गावातली आणखी एक गोष्ट. गच्चीवरून मोकळी सोडलेली केबल उत्तरायणात मांज्याच्या तावडीत सापडते. ती पाइपातूनच न्या. आणि एनव्हीआर तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी किती घरांत शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

मुलगा कॅनडात, कॅमेरा रावपुऱ्यात

आई-वडील इथे एकटे आणि मुलं परदेशात, अशी घरं बडोद्यात गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यासाठी कॅमेरा हा मोठा आधार असतो, आणि नेमकी इथलीच चूक सगळ्यांत धोक्याची असते.

घराबाहेरून थेट बघायचं तर इंटरनेटवरचा पब्लिक आयपी लागतो. वाड्याचा पत्ता एक आणि आत बिऱ्हाडं अनेक, तसा हा प्रकार. पब्लिक आयपी वाड्याचा, पोर्ट नंबर बिऱ्हाडाचा. बाहेरून आलेला माणूस कुणाकडे पाठवायचा हे राउटरला सांगणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. कॅमेऱ्याच्या वेब पानासाठी बहुधा ८० आणि व्हिडिओसाठी ५५४ हे पोर्ट असतात.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, हल्ली अनेक कनेक्शनांवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळतच नाही. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. राउटरच्या ‘वॅन’ (इंटरनेट जोडणीच्या) पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवर वेगळाच आकडा दिसत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगवर वेळ घालवू नका. ते चालणार नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. उघडा पोर्ट तुमच्या मुलासाठी जितका उघडा, तितकाच जगातल्या कोणासाठीही. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने कारखान्यातलेच युजरनेम-पासवर्ड ठेवलेले कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डायन या डीएनएस कंपनीवर (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणं म्हणजे डीएनएस) हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अनेकांना उघडेनात. म्हणून कळकळीने सांगतो, पोर्ट उघडे ठेवू नका. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर उपकरणं तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतात. परदेशातून बघायला कंपनीचं, पोर्ट न उघडता कंपनीच्या सर्व्हरमार्फत जोडून देणारं पीटूपी अ‍ॅप वापरा. राउटरमध्ये व्हीपीएनची, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कवर सुरक्षितपणे शिरायची, सोय असेल आणि पब्लिक आयपी मिळत असेल तर व्हीपीएन त्याहून चांगलं.

आणि पासवर्ड. इन्स्टॉलर बऱ्याचदा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेवून जातो, दुकानाचं नाव आणि पुढे १२३. तो निघून गेल्यावर त्याच दिवशी बदला. ज्या घरात वयस्कर माणसं एकटी राहतात, त्या घराच्या आतलं चित्र अनोळखी माणसाच्या हाती जाता कामा नये.

जागा आणि वेग

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, हार्ड डिस्क गिगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. एक कॅमेरा ४ एमबीपीएसने (सेकंदाला ४ मेगाबिट) सतत रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण ४३ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना एक टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. एच.२६५ ही व्हिडिओ आवळून लहान करायची पद्धत निवडली तर बरीच बचत होते. परदेशातून बघताना चित्र अडखळत असेल तर घरचा अपलोड वेग तपासा आणि अ‍ॅपमध्ये ‘सब स्ट्रीम’ (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडा.

घरात दिसतो, बाहेरून नाही

ही तक्रार असेल तर कॅमेऱ्याच्या नेटवर्क पानावर गेटवे आणि डीएनएस हे दोन रकाने बघा. पक्का पत्ता हाताने भरताना लोक ते रिकामे सोडतात. गेटवे म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता, बाहेर जायची वाट. तो नसला तरी घरातल्या घरात चित्र दिसत राहतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. त्याच कारणाने इंटरनेटवरून वेळही मिळत नाही आणि रेकॉर्डिंगवर भलतीच तारीख पडते. चोरी झाल्यावर पोलिसांना फुटेज द्यायची वेळ आली की तारीख-वेळेवरून वाद होतात. गेटवे आणि डीएनएस भरा, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय) चालू करा, टाइम झोन +५:३० ठेवा आणि मग पडद्यावरची वेळ मोबाइलशी ताडून बघा.