जुना गार्डन ट्रॅक्टर घेताना

इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट किंवा जॉन डिअरने 1963 मध्ये आणलेला 110 यांसारखे जुने गार्डन ट्रॅक्टर जाड पत्र्याचे आणि दुरुस्तीला सोपे असल्याने आजही घेण्याजोगे आहेत. मात्र रंग पाहून भुलू नये, कारण नवा रंग बऱ्याचदा गंज झाकण्यासाठीच दिलेला असतो.

इंजिन थंड असतानाच पाहायला येणार, असे विक्रेत्याला आधी सांगून ठेवावे. गरम इंजिन सहज सुरू होते आणि खरी दुखणी लपतात. निळसर धूर सतत येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. काळा धूर बहुधा कार्बुरेटरच्या साफसफाईने किंवा जुळवणीने जातो, त्यामुळे त्याची धास्ती नको. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चाके फिरवणारी यंत्रणा) असल्यास अर्धा तास चालवून मगच हलक्या चढावर नेऊन पाहावे, कारण झिजलेला पंप तेल तापल्यावरच ओढ सोडतो. गवत कापणाऱ्या डेकचा पत्रा खालून स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. पुढची चाके हाताने हलवून ॲक्सलच्या मधल्या पिनचा खुळखुळा तपासावा. ब्रेक, अर्थातच.

घरी आणल्यावर सर्वप्रथम ऑइल, फिल्टर आणि टाकीतले शिळे पेट्रोल बदलावे. अशा ट्रॅक्टरांत बऱ्याचदा आढळणाऱ्या कोहलर कंपनीच्या के मालिकेतील सिंगल सिलिंडर इंजिनात पॉइंटमधील (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणाऱ्या टोकांमधील) अंतर 0.020 इंच ठेवतात. एवढ्याशा जुळवणीने कित्येक ‘बंद’ इंजिने पुन्हा सुरू होतात. ट्रॅक्टर बराच काळ उभा ठेवायचा असेल तर कार्बुरेटर रिकामा करावा आणि बॅटरी काढून ठेवावी.