रक्ताच्या काचपट्टीवरून प्रतिकारशक्ती शिकवताना

लिशमन रंग दिलेली तयार काचपट्टी घ्या. वर्गात ताजं रक्त काढू नका. आधी १०एक्स भिंगाखाली तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या दिसतात तो भाग शोधा, मग तेलाचा थेंब टाकून १००एक्स लावा. नागमोडी सरकत १०० पांढऱ्या पेशी मोजायला सांगा. निरोगी प्रौढात साधारण ४० ते ७० न्यूट्रोफिल, २० ते ४० लिम्फोसाइट येतात. फक्त कडेने मोजलं तर आकडा चुकतो, कारण लेप ओढताना मोठ्या पेशी कडेला सरकतात.

लिम्फोसाइटचे बी आणि टी असे प्रकार असतात; मग यातली बी पेशी कोणती, टी कोणती? या रंगात दोन्ही सारख्याच दिसतात. हा प्रश्न फार मोलाचा. इथेच फ्लो सायटोमेट्री (एकेक पेशी लेझर झोतासमोरून नेऊन ओळखण्याची पद्धत) समजावा: पेशीच्या पृष्ठभागावरच्या सीडी३ या प्रथिनाला चिकटणारी चमकती प्रतिपिंडं टी पेशी दाखवतात, सीडी१९ या प्रथिनाला चिकटणारी बी.