लोक प्रतिसाद देत नाहीत? शहर प्रशासनाने या चुका टाळाव्यात

सूचना मागवल्या, चार आल्या. सभा घेतली, नेहमीचे आठ-दहा चेहरे दिसले. मग निष्कर्ष ठरलेला: ‘लोकांना काही पडलेलीच नाही.’ हे निदान बहुतेक वेळा चुकतं. लोक गप्प बसतात ते अनुभवावरून. मागच्या वेळी बोललो, त्याचं पुढे काय झालं, हे त्यांना कुणी कळवलेलंच नसतं.

सगळं ठरल्यावर विचारणं

नकाशा पक्का, निविदा निघालेली आणि मग ‘हरकती व सूचना’ मागवायच्या. नागरिकांना हे लगेच कळतं. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी 1969 साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात माहिती देणं आणि सल्ला मागणं या तिसऱ्या-चौथ्या पायऱ्या आहेत आणि त्यांची गणना त्यांनी नाममात्र सहभागात केली. खरी भागीदारी सहाव्या पायरीपासून सुरू होते. आपली बरीचशी शहरं चौथीवर उभी राहून सहावीचा फोटो काढतात.

उपाय साधा आहे, पण जड जातो. सूचना मागवण्याआधी लिहून काढा: लोकांच्या म्हणण्याने यात नेमकं काय बदलू शकतं? जुनी जलवाहिनी बदलायचीच असेल, तर तसं स्पष्ट सांगा. कोणती गल्ली आधी खोदायची, काम रात्री करायचं की दिवसा, दुकानांसमोरचा रस्ता किती दिवस बंद ठेवायचा, एवढंच विचारा. बदलण्यासारखं काहीच नसेल, तर ‘सूचना मागवत आहोत’ असं म्हणू नका. ‘माहिती देत आहोत’ म्हणा.

उत्तर न देणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये लोकसहभागातून अर्थसंकल्प ठरवायला सुरुवात केली. पहिल्या एक-दोन वर्षांत गर्दी बेताचीच होती. लोकांनी निवडलेली कामं उभी राहू लागली तशी उपस्थिती वाढली. तिथल्या वार्षिक फेरीची सुरुवात मागच्या वर्षीच्या कामांच्या हिशेबाने होत असे, नव्या मागण्या त्यानंतर. आपण नेमकी हीच पायरी गाळतो.

प्रत्येक सल्लामसलतीनंतर एक पानी तक्ता काढा: लोक काय म्हणाले, काय मान्य केलं, काय नाकारलं आणि का. तिसरा रकाना लिहिताना हात थबकतो, पण लोक आधी वाचतात तो तोच.

तक्रारींचंही तसंच. खड्डा जागेवर आणि मोबाइलवर संदेश ‘तक्रार निकाली काढण्यात आली’. अशा एका संदेशाने गमावलेला विश्वास दहा जनजागृती मोहिमांनी परत येत नाही. तक्रार बंद करण्याआधी कामाचा फोटो जोडा, तक्रारदाराची संमती घ्या आणि पुन्हा उघडलेल्या तक्रारी वेगळ्या मोजा. शिवाय कोणतं काम कोणत्या खात्याचं, हे शोधणं नागरिकाच्या माथी मारू नका. अमेरिकेतल्या शिकागोने 1999 मध्ये शहराच्या सगळ्या सेवांसाठी 311 हा एकच क्रमांक सुरू केला तो यासाठीच: फोन एकीकडे करायचा, पुढची वाटणी आतल्यांनी करायची.

ॲपमधल्या आकड्यांनाच शहर समजणं

बॉस्टनमध्ये ‘स्ट्रीट बम्प’ हे ॲप मोटारीला बसणाऱ्या धक्क्यांवरून खड्डे ओळखायचं. कल्पना छान, पण स्मार्टफोन आणि मोटार ज्यांच्याकडे, त्यांच्याच भागातले खड्डे जास्त दिसण्याचा धोका होता. म्हणून सगळ्या भागांत फिरणाऱ्या रस्तेनिरीक्षकांच्या हातीही ते देण्यात आलं. तुमच्याकडे एखाद्या वस्तीतून तक्रारच येत नसेल, तर तिथे सगळं आलबेल आहे असं धरू नका. माणूस पाठवा.

नोटिशीची भाषा

‘सदर परिसरात पाणीपुरवठा कमी दाबाने होण्याची शक्यता असून नागरिकांनी सहकार्य करावे.’ कुठला परिसर? कधीपासून कधीपर्यंत? गल्ल्यांची नावं, वार आणि वेळ पहिल्या ओळीत हवी. सहकार्याचं शेवटी बघू.

संकटात ढिलाई

13 जानेवारी 2018 रोजी अमेरिकेतल्या हवाई राज्यात क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लोकांच्या फोनवर गेला. तो चुकीचा असल्याचा संदेश फोनवर यायला 38 मिनिटं लागली. राज्यपालांनाही ट्विटरवर लगेच खुलासा करता आला नाही; लॉगिन आणि पासवर्ड आपल्याला माहीत नव्हता, हे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केलं. हसू येतं, पण आपल्या कार्यालयात पासवर्ड कितीजणांकडे आहे ते आजच विचारून पाहा. बहुधा एकाकडे असेल, आणि तो रजेवर असेल.

पूर, वायुगळती, पाणी बंद अशा प्रसंगांचे मसुदे आधीच तयार ठेवा. आधीचा संदेश मागे घेण्याचाही मसुदा हवा. पहिल्या संदेशात काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही आणि पुढची खबर किती वाजता देणार, हे तिन्ही सांगा. दिलेली वेळ आली आणि नवीन काहीच नसेल, तरी ‘नवीन काही नाही’ एवढं त्या वेळेला कळवा.