भोपळ्याला फळ धरत नाही? फवारणीआधी या चुका टाळा

लाल भोपळ्याचं लिंबाएवढं फळ पिवळं पडून गळालं की आपला हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. घरच्या बागेतली ही सर्वांत महागात पडणारी चूक. पुष्कळदा तो रोग नसतोच. मादी फुलापर्यंत पराग पोचलेला नसतो, एवढंच. आणि औषध आपण मारतो ते पराग पोचवणाऱ्या माशीवर!

मीही हे केलंय. वेलावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसले म्हणून दुकानात हातात दिलं ते इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक मारलं. दोन दिवसांनी सकाळी एका नर फुलात सातेरी मधमाशी उताणी पडलेली दिसली. अंगभर पिवळी पूड, पाय थरथरत होते, उडता येत नव्हतं. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. हे औषध आंतरप्रवाही आहे. झाडाच्या रसातून ते परागात आणि मकरंदात उतरतं, त्यामुळे ‘मी कळ्या असतानाच मारलं’ म्हणून सुटका नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये यासह निओनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांचा उघड्यावरचा वापर बंद केला.

माव्याला पाण्याची जोरदार धारही पुरते. पानांवर काळी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली तर चिरडू नका. ते ढालकिड्याचं (लेडीबगचं) पिल्लू, मावाच खातं.

निंबोळी तेल सेंद्रिय आहे म्हणून सकाळी फुलांवर मारणं हीसुद्धा चूकच. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि उन्हं चढली की मिटतं. तेल सूर्यास्तानंतर, पानांच्या खालच्या बाजूला मारा. दुधीचं मात्र उलटं. त्याची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, पतंग तेव्हाच येतात. तिथे फुलांना हातच लावू नका.

वांग्यावर घोंघावणाऱ्या काळ्या भुंग्याला हाकलू नका. त्याच्या थरथरीनेच वांग्याचा पराग नीट झडतो, मधमाशीला ते जमत नाही.

मधमाश्या येतच नसतील तर सकाळी सातच्या सुमारास भोपळ्याचं नर फूल तोडा, पाकळ्या सोला आणि मधला दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. मादी फूल ओळखायला सोपं, खाली इवलंसं फळ असतं. एवढं करून फळ वाढलं, पण सुई टोचल्यासारख्या डागापासून सडायला लागलं, तर ती फळमाशी. सडकी फळं पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, नव्या फळांना जुन्या सुती कापडाची पिशवी घाला. त्यालाही फवारणी लागत नाही.