वॉर्डातील मुलाची भीती कशी मोजावी

मिरजेच्या रुग्णालयांत जत, कवठेमहांकाळ आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही मुले उपचारासाठी येतात. त्यांच्या केसपेपरवर ताप, नाडी आणि वजन नियमाने लिहिले जाते, भीतीबद्दल मात्र ‘रडते’ किंवा ‘सहकार्य करत नाही’ एवढाच शेरा पडतो. या शेऱ्याने आज भीती कालपेक्षा कमी झाली की वाढली, हे कळत नाही.

प्रथम काय मोजायचे ते ठरवावे. मूळचा भित्रा स्वभाव आणि या क्षणाची धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वॉर्डात बहुधा दुसरीच मोजावी लागते. आठ-नऊ वर्षांपुढच्या, वाचता येणाऱ्या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ स्पीलबर्गर यांनी १९७३ साली तयार केलेल्या प्रश्नावलीत या दोहोंचे स्वतंत्र भाग आहेत. प्रत्येकात २० विधाने असून गुण २० ते ६० येतात, त्यामुळे ‘आत्ता कसे वाटते’ हा एकच भाग भरून घेतला तरी काम होते. भाषांतर वापरताना ‘चिंता’, ‘तणाव’ असे शब्द टाळावेत. आपल्याकडचे मूल ‘भ्या वाटतंय’, ‘धडधडतंय’, ‘पोटात गोळा आलाय’ असे सांगते आणि घरी कन्नड बोलणाऱ्याला ‘हेदरिके’ म्हटलेले चटकन कळते.

लहान मुलाकडून उत्तराची अपेक्षा न धरता निरीक्षण करावे. शस्त्रक्रियेपूर्वीसाठी असलेल्या सुधारित येल मापनीत हालचाल, बोलणे-रडणे, चेहऱ्यावरचे भाव, सावधपणा आणि आईवडिलांना धरून राहणे असे पाच विभाग आहेत. प्रत्येक विभागात वर्तनाच्या क्रमांक दिलेल्या पायऱ्या असतात; पायरी जितकी वरची, तितकी भीती जास्त. प्रत्येक विभागात मिळालेल्या पायरीच्या क्रमांकाला त्या विभागाच्या एकूण पायऱ्यांनी भागावे, पाचही भागाकारांची सरासरी काढून तिला १००ने गुणावे; उत्तर ३०च्या वर गेल्यास मूल घाबरलेले समजतात. या मापनीत अजिबात न बोलणाऱ्या मुलाला, प्रश्न विचारत बडबडणाऱ्या मुलापेक्षा वरची पायरी मिळते. ज्याला आपण ‘किती शहाणं बाळ, आवाजसुद्धा नाही’ म्हणतो, त्याच्याकडे म्हणूनच दुसऱ्यांदा पाहावे.

मधल्या वयासाठी पाच चेहऱ्यांची, ० ते ४ गुणांची भीतीमापनी सोयीची पडते. वेदनेचे चेहरे वेगळे असतात, ते येथे वापरू नयेत. ‘किती दुखतंय’ आणि ‘किती भीती वाटते’ हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. आधी ‘मोठा कुत्रा अंगावर आला तर कोणता चेहरा?’ असे विचारून मुलाला खूण समजली आहे का, ते पाहून घ्यावे. उत्तर आईने नव्हे, मुलाने द्यायचे. आईची धास्ती मोजायची असल्यास तिला बाजूला घेऊन वेगळे विचारावे.

मोठ्या मुलांना सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी माहीत असते. ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे पावसाळ्यात घरोघरी बोलले जाते. कागदावर तशी उभी पट्टी आखून ‘भीतीचं पाणी कुठवर आलंय?’ असे विचारता येते. ज्याच्या घरात महापुराचे पाणी शिरले होते, त्याच्यासमोर मात्र ही पट्टी धरू नये. पुराच्या दिवसांत एकाच नोंदीवर कोणी विसंबत नाही, पाणी चढते आहे की उतरते आहे हेच पाहिले जाते. त्याचप्रमाणे दाखल झाल्यावर मूल स्थिरावल्यानंतर, सुई किंवा ड्रेसिंगच्या आधी आणि ते आटोपल्यावर, त्याच शब्दांत आणि शक्यतो त्याच व्यक्तीने विचारावे.

नाडीच्या वेगावरून भीतीचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे, कारण तापाने आणि दम्यासाठी दिलेल्या साल्बुटामॉलच्या वाफेनेही नाडी वाढते.

पालकांची परवानगी घेतली तरी मुलालाही विचारावे आणि त्याने नकार दिल्यास थांबावे. गुणासोबत वेळ, जवळ कोण होते आणि पुढे कोणता उपचार होता, हे लिहावे. भीती लागोपाठ नोंदींत चढतीच राहिली किंवा तिच्यामुळे झोप आणि जेवण सुटले, तर तो कागद त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ किंवा समुपदेशकाच्या हाती द्यावा.