रोझेशियासाठी जवळपासचा योग्य डॉक्टर कसा शोधावा

माझ्या मावशीच्या गालांवर बारीक पुरळ उठायला लागलं तेव्हा ती ४६ वर्षांची होती. भाकऱ्या करायला बसली की चेहरा पेटायचा, गरम चहा घेतला की गाल भाजल्यासारखे व्हायचे. शेजारणीने सांगितलेली क्रीम तिने मेडिकलमधून आणली आणि आठ दिवसांत चेहरा तुकतुकीत झाला. लावणं थांबवलं की पुन्हा आग. असं दीड वर्ष गेलं. मूळ आजार रोझेशिया होता, म्हणजे चेहऱ्यावर लाली, आग आणि मुरमांसारखे फोड आणणारा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा आजार, आणि क्रीममधल्या स्टेरॉइडने तो चिघळला होता. तुमचं दीड वर्ष असं जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी चेहरा नीट ओळखा

गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, ती जाणवते. आग होते, टोचतं, चेहरा अचानक गरम होतो. मुरमांसारखे फोड येतात, पण ब्लॅकहेड्स नसतात. म्हणूनच आपल्याकडे बऱ्याचदा याला ‘उतारवयातली मुरमं’ म्हणून सोडून देतात. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत चेहरा शांत झालेला असतो, तेव्हा त्रास होत असतानाच मेकअप न करता, खिडकीच्या उजेडात मोबाईलवर फोटो काढा. ऊन, तिखट, दारू, चुलीची धग यांपैकी कशानंतर त्रास वाढला तेही लिहून ठेवा.

२. घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत भरा

ही पायरी गाळू नका. रिकामी ट्यूब, गोरेपणाची क्रीम, पार्लरमधून आणलेली बिननावाची डबी, सगळं बरोबर न्या. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती अजून सहज मिळतात. बरेच दिवस लावलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं की चेहरा आधीपेक्षा जास्त भडकतो आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो. ते कसं सोडायचं हे डॉक्टरलाच ठरवू द्या, पण भेट लांबवू नका.

३. पाटीवरची पदवी वाचा

एम.डी. किंवा डी.एन.बी. (त्वचारोग), डी.व्ही.डी., डी.डी.व्ही. यांपैकी काहीतरी हवं. ‘त्वचा व गुप्तरोग तज्ज्ञ’ ही पाटी पाहून अनेक बायका पायरी चढायला संकोचतात. माझी मावशीही दोनदा दारातून परत आली होती. वैद्यकशास्त्रात या दोन्हींची शाखा एकच आहे, एवढाच त्या पाटीचा अर्थ. ‘स्किन एक्स्पर्ट’ किंवा ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ एवढंच लिहिलं असेल तर मात्र मूळ पदवी विचारा. चिठ्ठीवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

तालुक्याला तज्ज्ञ नसेल तर जवळचं शासकीय किंवा महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय गाठा. मिरज, पुण्याचं ससून, मुंबईत केईएम किंवा नायर, गोव्यात बांबोळी. रांग असते, पण केसपेपरचा खर्च किरकोळ असतो आणि अवघड चेहरा तिथे एकापेक्षा जास्त डॉक्टर बघतात. त्वचा विभागाची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते आधी विचारून घ्या, खेप वाचेल.

४. पहिल्या भेटीत काय पाहावं

माझ्या मते डॉक्टर पारखायला एकच प्रश्न पुरेसा आहे, आणि तो त्यांनी तुम्हाला विचारायला हवा: ‘आजवर चेहऱ्याला काय काय लावलंत?’ हे न विचारता चिठ्ठी लिहायला घेतली तर तुम्ही स्वतःहून पिशवी टेबलावर ठेवा. डोळ्यांची चौकशी होते का तेही पाहा. डोळे खुपत असतील, वाळू गेल्यासारखं वाटत असेल तर आजार डोळ्यांतही असू शकतो आणि नेत्रतज्ज्ञाला दाखवावं लागतं.

औषधं साधारणपणे ठरलेली आहेत. लावायला मेट्रोनिडाझोल, अझेलिक ॲसिड किंवा आयव्हरमेक्टिन, पोटात घ्यायला डॉक्सिसायक्लिन. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर आधीच सांगा, कारण डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात टाळतात. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. आजार आटोक्यात राहतो, पण पुन्हा डोकं वर काढू शकतो. हे जो स्पष्ट सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवा. ‘कायमचं घालवतो’ म्हणणाऱ्याकडे पैसे भरू नका.

५. लेझरची घाई नको

लेझर मुख्यतः फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी आणि न जाणाऱ्या लालीसाठी असतो. सावळ्या कातडीवर चुकीच्या यंत्राने किंवा जास्त ताकदीने भाजल्याचे काळे डाग पडू शकतात. यंत्र कोणतं, ते चालवणार कोण, आधी कानाजवळ छोट्या जागेवर चाचणी करणार का, हे विचारा. पहिल्याच भेटीत सहा बैठकांचं पॅकेज पुढे आलं तर घरी जाऊन विचार करते म्हणा.

उपचार चालू असताना ब्लीच, वाफ आणि स्क्रब पूर्ण बंद. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, ते सहसा झोंबत नाही. दर महिन्याला त्याच खिडकीत फोटो काढा. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर तेच फोटो आणि जुन्या चिठ्ठ्या घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा.