गाणाऱ्या पक्ष्यांचं जंगल सांभाळायचं तर झाडतोड कशी करायची

सकाळी जंगलात पक्षी गाताना ऐकू आले की सगळं ठीक आहे असं धरून चालू नका. नर गातोय म्हणजे त्याने जागा धरलीय एवढंच, घरट्यातून पिल्लं उडतायत का हा खरा प्रश्न. पिल्लं जगत नसली तरी बाहेरून नवीन पक्षी येऊन गात राहतात आणि वर्षानुवर्षं आपल्याला पत्ताच लागत नाही. म्हणून वीण संपत आली की सावकाश एक फेरी मारा, चोचीत अळी धरून ये-जा करणारे आईबाप आणि आखूड शेपटीची, पंख फडफडवत खायला मागणारी पिल्लं दिसली तरच जंगल चांगलं म्हणायचं.

आता तोड. विणीच्या काळात करायची नाहीच, पण त्याहून मोठं नुकसान तुकडे पाडल्याने होतं. रस्ते, मोकळे पट्टे वाढले की कडा वाढतात आणि कडेकडेनेच घरटी लुटणारे आत शिरतात, उत्तर अमेरिकेत तर काउबर्ड दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालून जातो. इथेतिथे चार ठिकाणी तोडण्यापेक्षा एका बाजूला सलग तोडा, मधला दाट भाग अखंड ठेवा.

पण म्हणून कुऱ्हाडच लावायची नाही असंही नाही. अमेरिकेतल्या मिशिगनचा किर्टलँड वॉर्बलर हा छोटा गाणारा पक्षी जॅक पाइन या तिथल्या पाइनच्या साधारण 5 ते 20 वर्षांच्या कोवळ्या झाडीतच, तेही जमिनीवर घरटं करतो. अशी कोवळी झाडी वणव्यानंतर उगवायची, वणवे विझवायला लागल्यावर ती कमी होत गेली, त्यात काउबर्डचा त्रास, 1974 आणि 1987 च्या मोजणीत गाणारे नर जेमतेम 167 भरले. मग टप्प्याटप्प्याने तोडून पाइन परत लावला, काउबर्ड पकडले, आणि 2019 ला तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. म्हणजे आपल्याकडे कुठला पक्षी आहे ते आधी ओळखा, मग तोडीचं ठरवा.

खालची झुडपं साफ करायचा मोह टाळा, हरणं फार झाली असतील तर काही भागाला कुंपण घाला नाहीतर झुडूप वर येतच नाही.

आणि वाळलेली, कुजकी झाडं प्लीज काढू नका. विलो टिट एवढासा पक्षी, कुजून मऊ झालेल्या बुंध्यातच स्वतः ढोली कोरतो, फिनलंडमध्ये जंगलं साफसूफ झाली तशी त्याची संख्या खूप घटली. विरळणीला, म्हणजे दाटीतली काही झाडं काढायला, माणसं लावायच्या आधी असे बुंधे स्वतः फिरून रंगाने मार्क करा, तोंडी सांगून भागत नाही.